आधी फोडणी, मग प्ले: गोळाभात आणि घरचा पिक्चर

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता सहज म्हणून गेले की आमच्याकडे शनिवारी रात्री गोळाभात, म्हणजे डाळीच्या भरड्याचे गोळे ठेवून वाफवलेला आमचा विदर्भातला भात, आणि पिक्चर असतो, आणि तेव्हापासून कमेंटमध्ये तुम्ही तेच विचारून राहिले. ताई कोणता पिक्चर, ताई गोळे काहून फुटतात, ताई पिक्चर चालू असताना सगळ्यांना गरम कसं वाढायचं. हा तिसरा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे, म्हणून आज कॅमेरा थेट स्वयंपाकघरातच लावलाय. मागे गॅसवर भात आहे, मधून मधून मी तिकडे बघीन, चालवून घ्या.

साहित्य पटकन सांगते. एक वाटी तांदूळ, एक वाटी भरडा. भरडा म्हणजे हरभऱ्याची डाळ चक्कीवरून जाडसर दळून आणलेली, रव्यासारखी रवाळ. बेसन नाही! बेसनाचा गोळा आतून चिकट राहते आणि टाळूला जाऊन बसते. भरड्यात तिखट, हळद, हिंग, जिरं, मीठ, बारीक चिरलेला सांबार, आणि दोन-तीन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मागे पुण्याच्या एका ताईंनी विचारलं होतं की भरड्यात सांबार कसा घालायचा, तो तर पातळ असते ना. ताई, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीसोबतचा तो वेगळा. लाल तिखट मी भिवापुरी मिरचीचं वापरते, भिवापूर आमच्याच नागपूर जिल्ह्यात आहे, रंगही छान येते आणि झणकाही.

तांदूळ एचएमटी. आता या तांदळाचं नाव घेतलं की मला थांबवत नाही. हा तांदूळ कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत तयार नाही झाला. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथले शेतकरी दादाजी खोब्रागडे, त्यांना 1983 साली आपल्या धानाच्या बांधीत दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या वर्षी पेरल्या, परत निवडल्या, असं करत करत हे बारीक दाण्याचं वाण उभं केलं. नाव पडलं तेव्हाच्या घड्याळाच्या कंपनीवरून. 2018 साली ते गेले. घरी एचएमटीचा भात शिजवताना मी मुलीला ही गोष्ट दरवेळी सांगते, तिला पाठ झाली आहे, तरी सांगते.

बरं, भात. मोकळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, कुकरमध्ये नाही. कुकरमध्ये होते का हे खूप जणांनी विचारलंय. होते, पण गोळे कधी टाकायचे ते दिसत नाही, आणि सगळी गंमत तर त्या टाकण्यातच आहे. अडीच वाटी पाणी, मीठ, थोडं तेल. पाणी उकळलं की तांदूळ. आणि आता बघत बसायचं, खरंच बघत बसायचं. भातावर पाणी दिसून राहिलं तर गोळे टाकायचे नाहीत, ते पाण्यात विरघळतील आणि पिवळी खिचडी होईल. ज्यांचे गोळे फुटतात त्यांच्यातल्या बहुतेकांचं इथेच चुकते. पाणी आटलं, भात वर आला आणि त्याला बारीक बारीक भोकं पडली, त्यातून फुसफुस वाफ येऊन राहिली, की तोच क्षण. भरडा पाण्याचा हबका मारून घट्ट मळायचा, लिंबाएवढे गोळे दाबून वळायचे, भातावर अलगद ठेवायचे, गॅस बारीक, गंजाखाली तवा, वर घट्ट झाकण. पंधरा मिनिटं. सराटा, म्हणजे उलथणं, घालायचा नाही! गॅस बंद केल्यावर अजून दहा मिनिटं झाकण तसंच. मग एक गोळा मोडून बघायचा, आतून कोरडा आणि मोकळा दिसला पाहिजे.

झाली रेसिपी. आता जे बोलायला बसले ते.

फोडणी. गोळाभात हा फोडणीवर उभा आहे. वाटीभर फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, मोहरी, हिंग, सुकी लाल मिरची, हवा असल्यास ठेचलेला लसूण. ताटात भात, त्यावर गोळा कुस्करायचा, मधे हौद करायचा आणि त्यात हे तेल ओतायचं. तेल कढत असलं तर भरड्यात शिरते, भरडा फुलते. तेच तेल कोमट झालं की वर तरंगत राहते, खाली गोळा कोरडाच, आणि दुसऱ्या घासाला तोठरा बसते, घास घशात अडकते. मग पाणी पी, ताक पी, आणि पिक्चरमध्ये काय झालं ते गेलंच. म्हणून माझं म्हणणं आहे की आधी फोडणी, मग प्ले. सगळ्यांच्या ताटात तेल पडल्याशिवाय रिमोटला कोणी हात लावायचा नाही.

पण खरं कारण तेलाचं नाही आहे. खरं कारण माझी आई आहे.

आमच्या घरी लहानपणी रविवारी टीव्हीवर पिक्चर लागायचा, आणि त्याच वेळेला जेवण. सगळे गादीवर, सतरंजीवर, आणि आई तव्यासमोर, कारण पोळी गरमच पाहिजे ना सगळ्यांना. ती एक पोळी टाकायची, लाटणं हातात घेऊन दारात येऊन उभी राहायची, चौकटीला खांदा लावून, दोन मिनिटं बघायची, आणि पोळीचा वास आला की परत आत. आजही आईला कितीतरी पिक्चर आवाजावरून ओळखता येतात. गाणी येतात, मारामारी कुठे आहे ते येते. पण सुरुवात एकाही पिक्चरची माहीत नाही. मी एकदा तिला विचारलं, अगं तो हिरो घर सोडून काहून गेला होता, तर म्हणाली, गेला होता का? मला वाटलं तो तिथलाच आहे. मी त्या रात्री झोपले नाही नीट. इतकी वर्षं आम्ही पाच जण पिक्चर बघत होतो असं मला वाटायचं, बघत होतो चारच.

म्हणून पिक्चरच्या रात्री आमच्याकडे पोळी बंद. धिरडी बंद, भजी बंद, जे जे तव्यावरून एकेक उतरते ते बंद. एका गंजात होईल तेच. काही जणांनी लिहिलं की ताई एवढं काय, एकानं उठून वाढायचं. हो, पण तो एक कोण? दरवेळी तोच असते ना. ज्याने रांधलं त्याने पडद्यावरच्या पहिल्या पाटीपासून समोर बसायचं, माझ्या घरात याला सूट नाही.

आणि आवाजाचं पण बघा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, कूलर बंद करायची सोय नाही. त्या कूलरच्या घरघरीत आधीच निम्मे डायलॉग जातात, त्यात कोणी आत जाऊन मोहरी तडतडवली आणि लाल मिरचीचा ठसका हॉलमध्ये आला की पहिली दहा मिनिटं सगळे खोकून राहिले! आमच्याकडे झालंय हे. फोडणी आधी झाली, खिडकी उघडली, ठसका बाहेर गेला, मग प्ले. उन्हाळ्यात सबटायटल लावूनच बघा, हिंदी असो मराठी असो, लाज कशाची.

आता पिक्चर कोणता. मी लांबी बघून ठरवते. ‘झुंड’ आम्ही घरी दोनदा बघितला, जवळपास तीन तासांचा आहे, नागराज मंजुळेंचा, 2022 चा, आणि आपल्या नागपूरचा. हिस्लॉप कॉलेजमध्ये खेळ शिकवणारे विजय बारसे सर, त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यावरून अमिताभचं पात्र आलंय. एवढा लांब पिक्चर असला की गोळाभात सुरुवातीलाच, पोटभर, आणि मधे आपण आपला इंटरव्हल घ्यायचा. इंटरव्हलला हिवाळ्यात संत्री. सोलायला काही लागत नाही, अंधारात सोलता येतात, घरभर वास. तळलेलं काही नको, परत कोणीतरी कढईपाशी जाईल.

छोटा पिक्चर असला, दीड तासाच्या आसपास, जसा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, दादासाहेब फाळक्यांनी आपला पिक्चर कसा काढला त्याची गोष्ट, तर मधे थांबायचंच नाही. तो आईसाठी लावला होता मी. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला मुंबईत लागला हे आपण शाळेत वाचलं. पण तो पिक्चर करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्या बायको सरस्वतीबाई फाळके घरी करायच्या, आणि तो आवरल्यावर कोऱ्या फिल्मला कडेनं भोकं पाडायचं कामही त्याच करायच्या, हे मला मोठेपणी कळलं. आईला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, किती माणसांचा होता गं स्वयंपाक?

एका दादांनी कमेंट केली आहे की गोळाभात काय, नागपूर म्हटलं की सावजी मटण पाहिजे पिक्चरसोबत. दादा, सावजी मलाही जीव की प्राण आहे, आमच्या हलबा कोष्टी विणकर मंडळींनी नागपूरला दिलेली ती देणगीच आहे, पण ते ताटाकडे बघून खायचं जेवण आहे. हाडं आहेत, रस्सा आहे, घाम आहे. सबटायटल वाचता वाचता हाड दाताखाली आलं तर? सावजी खायचं तर टीव्ही बंद करून खा. पाटोडी रस्सा पण तसाच, सतरंजीवर सांडला की पिवळा डाग निघत नाही. गोळाभात एकदा कालवून घेतला की खाली बघावं लागत नाही, हात आपला आपण घास करते. लिंबू मात्र आधी पिळून घ्या, बी पण आधी काढा. सोबत कढी वाटीत, ताटात नाही.

आणि तुमच्यापैकी ज्यांनी लिहिलं की ताई दमून आल्यावर कोण करत बसेल, त्यांच्यासाठी, भरड्याचं कोरडं मिश्रण सकाळीच करून डब्यात ठेवा. पाणी नका घालू, नाही तर घट्ट होऊन बसते. कढीही सकाळी होते. संध्याकाळी फक्त भात, गोळे आणि फोडणी, पाऊण-एक तास, त्यात भातापाशी उभं राहायचं ते दहाच मिनिटं.

मागच्या शनिवारी आई आली होती. ताटं वाढली, तेल ओतलं, गॅसचा कॉक बंद केला, सगळे बसले, मग मुलीनं प्ले दाबलं. पडद्यावर नावं यायला लागली तशी आई ती मोठ्यानं वाचायला लागली. छायाचित्रण अमुक, संकलन तमुक, वेशभूषा, एकेक. मुलगी म्हणाली, आजी, ते कोणी वाचत नाही. आई म्हणाली, मला वाचू दे. आम्ही कोणी काही बोललो नाही, घास हातात धरून शेवटच्या नावापर्यंत ऐकलं.

थांबा, फुसफुस ऐकू येऊन राहिली ना मागून? भोकं पडली भाताला. गोळे टाकायचे आहेत, मी जाते.