खाण वाढवण्याआधी जुना खड्डा मोजावा लागतो

सकाळचे दहा वाजले आहेत. पुणे जिल्ह्यातील या दगडखाणीकडे जाणारा कच्चा रस्ता ओला दिसतो, पण पाऊस पडलेला नाही. पाहणीसाठी अधिकारी येणार असल्याचे आधीच कळवलेले होते, म्हणून पहाटेपासून टँकरने दोन खेपा मारल्या आहेत. बांधापलीकडच्या तुरीच्या पानावर मात्र बोट फिरवले की राखाडी रेघ उमटते, कारण टँकरचे पाणी तिथवर पोहोचत नाही.

या खाणीचे आणि तिच्या मालकाचे नाव आम्ही मुद्दाम घेतलेले नाही. खाणपट्टा, म्हणजे खणण्यासाठी परवानगी मिळालेली जमीन, वाढवून मागणाऱ्या खाणीत अधिकारी नेमके काय पाहतात आणि काय त्यांच्या नजरेआड राहते, एवढाच आमचा विषय आहे.

वरचा तांबूस मुरूम काढला की खाली काळा दगड लागतो. हा दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा. टणक आणि जड असल्यामुळे तो काँक्रीटला आणि डांबरी रस्त्याला चालतो. खडी दुरून आणायची म्हटली तर मालापेक्षा डिझेल महाग पडते, म्हणून खाणी शहराच्या वेशीवरच उभ्या राहतात. पुढे शहर वाढते आणि खाणीच्या काठापर्यंत येऊन ठेपते.

खडी, मुरूम आणि वाळू यांना कायद्याच्या भाषेत गौण खनिज म्हणतात, आणि ही खनिजे बराच काळ खरोखरच गौण मानली गेली. पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यांना पर्यावरण मंजुरी लागत नसे, त्यामुळे मोठ्या पट्ट्याचे तुकडे पाडून ही अट टाळता येत असे. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ती वाट बंद केली आणि लहान पट्ट्यांनाही मंजुरी आवश्यक ठरवली. पुढे २०१६ च्या अधिसूचनेने एकमेकींपासून पाचशे मीटरांच्या आत असलेल्या खाणींचा समूह म्हणून एकत्रित विचार करण्याची पद्धत घातली, आणि ते योग्यच झाले, कारण धूळ काही सातबारा पाहून उडत नाही.

विस्ताराचा अर्ज आला की पहिला प्रश्न जुन्या मंजुरीचा असतो. तिच्यातील अटींचे पालन झाले आहे की नाही, याचा प्रमाणित अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून मागवला जातो. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय नागपूरला आहे. मंजुरीधारकाने दर सहा महिन्यांनी स्वतःचा अनुपालन अहवाल द्यायचा असतोच, पण स्वतःच लिहिलेल्या प्रगतिपुस्तकावर कोणी वरच्या वर्गात जात नाही.

म्हणून पाहणीची सुरुवात हद्दीपासून होते. पट्ट्याच्या कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब हवेत आणि हद्दीलगतची साडेसात मीटरांची पट्टी न खोदता सोडलेली हवी. इथला ईशान्येकडचा खांब सापडत नाही. खाणीचा व्यवस्थापक झुडपांकडे बोट दाखवतो, मोजणीदार नकाशा उलगडतो, आणि अखेर नकाशावरचा तो बिंदू खड्ड्याच्या आत, हवेत येतो. पंचनाम्यात यासाठी एकच ओळ लिहिली जाईल, पण दिवसभरातील सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

त्यानंतर खड्ड्याचे आकारमान काढले जाते. पूर्वी टेपने होणारे हे काम आता टोटल स्टेशन यंत्राने आणि ड्रोनने होते. एक हेक्टर जमीन एक मीटर खोल खणली की दहा हजार घनमीटर दगड निघतो. शंभर घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटरांचा एक ब्रास धरला, तर हे सुमारे ३,५३० ब्रास होतात. महाराष्ट्रात २०२१ मध्ये ब्रासमागे चारशेवरून सहाशे रुपये झालेल्या स्वामित्वधनाने, म्हणजे खनिजापोटी सरकारला द्यायच्या रकमेने, हिशेब केला, तर एका मीटरमागे एकवीस लाखांहून अधिक रक्कम होते. दगडाचा हा आकडा राज्याच्या ‘महाखनिज’ या ऑनलाइन प्रणालीवर नोंदलेल्या वाहतूक पासांशी जुळतो का, ते तपासले जाते. अखंड दगड फुटल्यावर फुगतो, त्यामुळे खड्ड्यातला ब्रास आणि हायवातला, म्हणजे खडी वाहणाऱ्या ट्रकमधला, ब्रास सारखा नसतो. निम्मे वाद या फरकावरच लढवले जातात. तफावत खरी ठरली, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. मंजुरीतील मर्यादेपेक्षा जास्त केलेले उत्खनन बेकायदाच असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ओडिशातील खाणींच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

खाणीची भिंत पाहायला मोजणीदाराची गरज लागत नाही. १९६१ च्या खाण विनियमांत कठीण दगडाच्या उघड्या खाणीची भिंत पायऱ्या किंवा उतार ठेवून सुरक्षित करण्याची अट आहे. समोरची भिंत मात्र वरपासून तळापर्यंत सरळसोट आहे. पायऱ्या ठेवल्या की तेवढा दगड जागेवर सोडावा लागतो, म्हणून त्या ठेवल्या जात नाहीत. आणि सुटलेला दगड खाली पडतो तेव्हा त्याखाली मालक उभा नसतो.

क्रशरवर, म्हणजे दगड फोडून खडी करणाऱ्या यंत्रावर, नियम पत्र्याच्या आवरणाचा, वारा अडवणाऱ्या भिंतीचा आणि पाण्याच्या फवाऱ्यांचा आहे. यंत्रापासून तीन ते दहा मीटर अंतरावर हवेतील धूलिकण घनमीटरमागे सहाशे मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. पत्रा नवा आहे आणि भिंत उभी आहे. फवाऱ्याच्या तोटीत मात्र कोळ्याचे जाळे आहे. अधिकारी पंप सुरू करायला सांगतात, पंप सुरू होतो, आणि चार तोट्यांपैकी एकीतून पाणी येते.

सुरुंगाचे हादरे या पाहणीत दिसत नाहीत, कारण पाहणीच्या दिवशी सुरुंग लावत नाहीत. खाणसुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाने साध्या घरांसाठी हादऱ्याने जमीन हलण्याच्या वेगाची मर्यादा कंपनांच्या वारंवारतेनुसार सेकंदाला पाच ते पंधरा मिलिमीटर ठेवली आहे. ती पाळली गेली का, हे भूकंपमापकाच्या जुन्या नोंदींवरूनच कळू शकते. त्या नोंदींची वही मागितल्यावर ती पुण्याच्या कार्यालयात असल्याचे उत्तर मिळते.

विस्तारित क्षेत्र पाच हेक्टरांपुढे जात असल्याने आता जनसुनावणी होईल. तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी असतो आणि सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. आज बांधावर थांबलेल्या शेतकऱ्यांना मात्र विस्ताराविषयी नाही, विहिरीविषयी बोलायचे आहे. खाणीच्या तळाशी साचणारे पाणी पंपाने नाल्यात सोडले जाते आणि उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचा तळ लवकर दिसतो, असे ते सांगतात. हा संबंध सिद्ध करायला विहिरींच्या पातळीच्या काही वर्षांच्या नोंदी लागतात, आणि त्या ठेवण्याची अट जुन्या मंजुरीतच आहे. अधिकारी ती अट पुन्हा एकदा वाचतात आणि व्यवस्थापकाकडे पाहतात.

पंचनाम्यावर सह्या होईपर्यंत दुपारचे दोन वाजतात. रस्ता तोवर वाळला आहे, आणि गेटबाहेर थांबवून ठेवलेल्या हायवांची इंजिने एकामागून एक सुरू होत आहेत.