फिल्मवरची रिंग

(दृश्य: उजळलेल्या व्ह्यू-बॉक्सवर मेंदूच्या सीटी स्कॅनची फिल्म. कॅमेरा एका छेदाजवळ जात थांबतो.)

कवटीची पांढरी कड. आत मेंदूचा करडा भाग. आणि मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, पृष्ठभागाच्या अगदी जवळ, एक बारीक पांढरं कडं. जेमतेम एक सेंटिमीटर. रिपोर्टात लिहिलेलं असतं, 'रिंग एन्हान्सिंग लीजन', म्हणजे कड्यासारखी चमकणारी गाठ.

अशी फिल्म घेऊन येणारा पेशंट बहुतेक वेळा तरुण आणि धडधाकट असतो. ताप नाही, वजन घटलेलं नाही. कालपर्यंत कामावर जात होता. अचानक उजव्या हाताला झटके सुरू झाले आणि शुद्ध हरपली. आयुष्यातली पहिली फीट. घरच्यांना एकच विचारायचं असतं, "गाठ कॅन्सरची तर नाही ना?"

आपल्या देशात अशा वयात, अशा बारीक रिंगमागे कॅन्सर क्वचितच असतो. बहुतेकदा असतो तो संसर्ग. पण कोणता? हे ओळखायला भारतातल्या डॉक्टरांना कितीतरी वर्षं लागली, आणि त्या काळात हजारो लोकांनी नको ती औषधं घेतली.

(दृश्य: जुन्या सीटी मशीनची छायाचित्रं.)

माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये निघाला. मशीन बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. हळूहळू सीटी भारतातल्याही मोठ्या शहरांत आला, आणि फीट आलेल्या पेशंटांच्या स्कॅनवर ही छोटी रिंग पुन्हा पुन्हा दिसू लागली.

भारतात मेंदूत गाठ म्हटलं की डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येई. ते साहजिकच होतं. मेंदूतल्या टीबीच्या गाठी, म्हणजे ट्युबरक्युलोमा, इथले सर्जन कित्येक वर्षं काढत आले होते. म्हणून या रिंगवरही टीबीची औषधं सुरू व्हायची, तीही महिनोन् महिने. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला की रिंग गायब! औषध लागू पडलं असंच सगळ्यांना वाटायचं. अडचण एवढीच होती, की ज्यांनी टीबीची एक गोळीही घेतली नव्हती अशा काही पेशंटांचीही रिंग नाहीशी होत होती.

(दृश्य: वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, बाहेरून.)

तमिळनाडूतलं वेल्लोर. १९४९ साली डॉ. जेकब चँडी यांनी इथे देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. त्याच विभागातले डॉ. मॅथ्यू चँडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांनी ठरवलं की अंदाज पुरे, गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. सेंटिमीटरभर गाठ मेंदूत नेमकी शोधून काढणं तेव्हा सोपं नव्हतं. त्यांनी ते केलं. आणि बहुतेक गाठींत टीबी सापडला नाही. सापडला तो सिस्टिसर्कस. डुकरांमधून येणाऱ्या पट्टकृमीची, टीनिया सोलियमची, मेंदूत येऊन मरत असलेली अळी.

१९८९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे राजशेखर यांनी निदानाचे निकष मांडले, आणि मला वाटतं खरी किमया तिथे आहे, कारण त्यांच्यामुळे बहुतेकांची कवटी उघडायची गरजच उरली नाही. स्कॅनवर एकच गाठ हवी, २० मिलिमीटरच्या आतली. भोवतालच्या सुजेने मेंदूची मधली रेषा सरकलेली नको. पेशंटला सतत डोकेदुखी-उलट्या नकोत, वाढत जाणारा लुळेपणा नको, अंगात दुसरीकडे टीबी नको. हे सगळं जुळलं तर ती गाठ बहुधा सिस्टिसर्कसची. फीटची गोळी सुरू ठेवायची आणि काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन बघायचा.

(दृश्य: भाजी मंडई. नळाखाली धुतली जाणारी पालेभाजी.)

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'कोबीतला किडा मेंदूत जातो' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. कोबीत दिसणाऱ्या अळीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ज्या माणसाच्या आतड्यात हा पट्टकृमी आहे, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. न धुतलेल्या हातांवरून, पाण्यातून, मैल्याचं पाणी लागलेल्या भाजीवरून ती दुसऱ्याच्या पोटात जातात आणि तिथून रक्तावाटे मेंदूत. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर कृमी आतड्यात वाढतो. मेंदूतली अळी येते ती अंड्यांतून. त्यामुळे जन्मात मांस न चाखलेल्या माणसालाही हा आजार होतो, आणि अंडी पसरवणारा कधी कधी घरात स्वयंपाक करणाराच असतो.

(दृश्य: एमआरआय विभाग. स्टीलच्या ट्रेमध्ये मंगळसूत्र, साडीची पिन, चांदीचा करदोटा.)

आता ही रिंग उमटते कशी ते पाहू. एमआरआय मशीनमध्ये जाण्याआधी अंगावरचा धातू उतरवतात. कानांत बोळे, डोक्याभोवती जाळीसारखी कॉइल. मग ठकठक, घरघर, पुन्हा ठकठक. निम्मे फोटो झाल्यावर हाताच्या शिरेतून डाय देतात. दंडापर्यंत गार धार चढल्यासारखी वाटते. या डायमध्ये गॅडोलिनियम असतं, म्हणून आधी किडनीची तपासणी बघून घेतात.

निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या हा डाय बाहेर सोडत नाहीत. जिथे दाह आहे तिथे वाहिन्यांची भिंत सैल होते, डाय झिरपतो आणि तेवढाच भाग पांढरा चमकतो. म्हणजे फिल्मवरची रिंग हा किडा नव्हे, किड्याभोवती आपल्याच शरीराने पेटवलेला दाह आहे. जिवंत अळी शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवत कधी कधी वर्षानुवर्षं गप्प राहते, तेव्हा बहुधा रिंग नसते. ती मरू लागली की दाह भडकतो, रिंग दिसते, फीट येते. त्या काळात गोळ्यांशिवाय रिंग का विरघळत होती याचं उत्तर यातच आहे. अळी आधीच मरणपंथाला लागलेली होती.

(दृश्य: एमआरआयचा एक छेद, मोठा केलेला.)

नीट बघा. पाण्याने भरलेली गोल पिशवी, आणि एका बाजूला भिंतीला चिकटलेला मोहरीएवढा ठिपका. ते अळीचं डोकं, स्कोलेक्स. हा ठिपका दिसला की निदानाचा वाद जवळजवळ संपतो.

टीबीची गाठ सहसा मोठी, ओबडधोबड, कधी दोन-तीन एकमेकींना चिकटलेल्या. एमआरआयच्या टी-टू नावाच्या फोटोत तिचा गाभा बऱ्याचदा काळपट दिसतो आणि स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे गाठीतली रसायनं दाखवणाऱ्या आलेखात, चरबीचा उंच सुळका मिळतो. पू झालेला असेल, म्हणजे ॲब्सेस, तर डिफ्यूजनच्या, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या, फोटोत मध्यभागच झगमगतो, कारण घट्ट पुवात पाण्याचे रेणू नीट हलू शकत नाहीत. तरीही गाठी फसवतात, म्हणून छातीचा एक्स-रे आणि इतर तपासण्या सोबत लागतातच.

प्रत्येक संसर्ग रिंग दाखवतो असंही नाही. हर्पीसचा मेंदूज्वर कानशिलामागचा टेम्पोरल भाग धरतो, जपानी मेंदूज्वर मेंदूत खोलवर असलेले दोन्ही बाजूंचे थॅलॅमस. हर्पीसची शंका असेल तर फोटोची वाट बघत बसायचं नसतं, असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध लगेच शिरेतून सुरू करायचं.

(दृश्य: एमआरआयचा संपूर्ण नॉर्मल फोटो.)

आणि हा फोटो. काहीच नाही. पण ही पेशंट चार दिवस झोपलेली नाही, भलतंसलतं बोलते, तोंड वेडंवाकडं हलवते. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मेंदूवर केलेला हल्ला. २००७ मध्ये डॉ. जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी या आजारामागची प्रतिपिंडं ओळखली. निम्म्याहून अधिक पेशंटांत सुरुवातीचा एमआरआय नॉर्मल येतो. मग मणक्यातलं पाणी तपासावं लागतं. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा पडतो' या गैरसमजातून नातेवाईक सही करत नाहीत, आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या आजाराचे मोलाचे दिवस वाया जातात.

(दृश्य: एकाच पेशंटच्या दोन फिल्म शेजारी शेजारी, कोपऱ्यात तारखा.)

पहिल्या स्कॅनवर निदानाचा अंदाज बांधतात. तो बरोबर होता की नाही, हे बऱ्याचदा दुसरा स्कॅन सांगतो. सिस्टिसर्कसची रिंग काही महिन्यांत आकसायला हवी. वाढलेली दिसली तर डॉक्टर पुन्हा सगळं पहिल्यापासून तपासतात. टीबीत मात्र उलटंही घडतं. औषध बरोबर, गोळ्या वेळेवर, तरी दोन-तीन महिन्यांनी गाठ फुगलेली, कधी नवी उगवलेली. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीर चवताळून उठतं, त्याचा तो परिणाम असू शकतो. जंतूंनी औषधाला दाद न देण्याची शंकाही तपासून घेतात. पण फिल्म बघून घाबरून कुणी परस्पर गोळ्या बंद केल्या तर जीव जाऊ शकतो.

म्हणूनच जुनी फिल्म आणि सीडी सोबत नेणं महत्त्वाचं. नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून तुलना होत नाही. मागच्या वेळी कोणत्या छेदात, केवढी रिंग होती, हे रेडिओलॉजिस्टला डोळ्यांनी बघावं लागतं.

शेवटी प्रश्न उरतो तो फीटच्या गोळ्यांचा. रिंग पूर्ण गेली आणि दरम्यान फीट आली नाही, तर डॉक्टर हळूहळू डोस कमी करण्याचा विचार करतात. जागेवर कॅल्शियमचा पांढरा कण राहिला असेल, तर फीट परत येण्याची शक्यता जास्त असते, मग गोळ्या लांबतात. हा कण एमआरआयमध्ये निसटू शकतो. साध्या, डाय न दिलेल्या सीटीवर तो स्वच्छ दिसतो. महागडा एमआरआय झालेला असतानाही डॉक्टर पुन्हा सीटी का सांगतात, ते यासाठी.