न्यायाधीश व्हिसा देत नाहीत

नमस्कार श्रोतेहो. ऑस्ट्रेलियात प्रोटेक्शन व्हिसासाठी, म्हणजे मायदेशी धोका असलेल्या माणसाला तिथे राहू देणाऱ्या परवान्यासाठी, अर्ज केला, तो गृहखात्याने फेटाळला, पुढे ट्रायब्युनलनेही, म्हणजे खात्याचा निर्णय पुन्हा तपासणाऱ्या न्यायाधिकरणानेही, फेटाळला. आता कोर्टाची पायरी चढू म्हणणाऱ्या माणसाशी आणि त्याला सल्ला देणाऱ्या मित्रमंडळींशी मला आज बोलायचं आहे.

मायदेशी परतलो तर जिवाला धोका आहे, ही हकीकत खरी मानायची की नाही, हे ट्रायब्युनलपर्यंतच ठरतं. त्यापुढे ज्या कोर्टात जाता येतं, ते फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट ती हकीकत नव्याने तोलत नाही. ते एवढंच पाहतं, की निर्णय देताना ट्रायब्युनल कायद्याने वागलं का. तुम्ही मांडलेला एखादा महत्त्वाचा मुद्दा विचारातच घेतला नाही, किंवा तुमच्याविरुद्धची माहिती कायद्याने दाखवायला हवी असताना दाखवली नाही, तर तो निर्णय टिकत नाही. मात्र ती चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची खरीखुरी शक्यता होती, हेही दिसावं लागतं. ‘माझ्यावर विश्वास का ठेवला नाही?’ एवढ्या एका प्रश्नावर खटला उभा राहत नाही, आणि पुष्कळजण नेमका तोच घेऊन जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

हा दरवाजा बंद करायचा प्रयत्नही झाला होता. 2001 मध्ये संसदेने स्थलांतर कायद्यात कलम घातलं, की अशा निर्णयांना कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. एका अर्जदाराने त्याविरुद्ध हायकोर्ट गाठलं. तिथलं हायकोर्ट म्हणजे देशातलं सर्वोच्च न्यायालय. निर्वासितांची नावं उघड करायला बंदी असल्याने हा अर्जदार कायद्याच्या पुस्तकांत ‘एस 157’ या क्रमांकानेच ओळखला जातो. 2003 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की अधिकाराची मर्यादा ओलांडून दिलेल्या निर्णयाला हे कलम वाचवू शकत नाही. राज्यघटनेच्या 75 व्या कलमाने सरकारी अधिकाऱ्यांना जाब विचारायचा जो अधिकार न्यायालयाला दिला आहे, तो संसदेला साध्या कायद्याने काढून घेता येत नाही. नावसुद्धा सांगता न येणाऱ्या परक्या माणसासाठी एवढं मोठं न्यायालय असं ठाम उभं राहिलं, ही गोष्ट मला आजही मोलाची वाटते.

आता मुदतीचं. अर्ज 35 दिवसांत करायचा, आणि हे दिवस ट्रायब्युनलच्या निर्णयाच्या तारखेपासून धरतात, तुमच्या हाती पत्र पडल्यापासून नव्हे. उशीर झाला तर मुदतवाढ लेखी मागता येते, पण कारणं न्यायाधीशांना पटावी लागतात. हरलात तर सरकारच्या वकिलांचा खर्चही बहुधा तुमच्यावरच येतो. तेव्हा अर्ज भरून देणाऱ्या एजंटच्या भरवशावर राहू नका. निर्वासितांच्या खटल्यांची माहिती असलेल्या वकिलाला निर्णयाचं प्रत्येक पान वाचू द्या.

आणि जिंकलात, तर न्यायाधीश व्हिसा देत नाहीत. ते आधीचा निर्णय रद्द करतात आणि प्रकरण परत ट्रायब्युनलकडे पाठवतात. तिथे पुन्हा सुनावणी होते, आणि तुमची हकीकत तुम्हाला पुन्हा सांगावी लागते.