जोड बसेल का?

[दृश्य: सातपूर एमआयडीसी. लेथवरून नुकताच उतरलेला बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, हाताला अजून कोमट.]

हा बुश सातपूरचा. यात फिरणारा शाफ्ट अंबडच्या शॉपमधून यायचाय. दोन्ही ऑपरेटरांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण ड्रॉइंग दोघांकडे एकच आहे. बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ एच ७. म्हणजे व्यास २५ ते २५.०२१ मिलिमीटर. भोक तपासायच्या प्लग गेजचं 'गो' टोक, जे आत जायलाच हवं, अलगद आत गेलं; 'नो-गो', जे जाता कामा नये, तोंडाशीच अडलं. जॉब ओके. शाफ्ट येण्याआधीच.

सॉफ्टवेअरच्या भागांना असं गेज लावता येतं?

४ जून १९९६. युरोपचं एरियान ५ रॉकेट उडालं आणि मिनिटभरही टिकलं नाही. आधीच्या एरियान ४ मधला चांगला चाललेला सॉफ्टवेअरचा एक भाग त्यात तसाच बसवला होता. नव्या रॉकेटचा वेग वेगळा. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. 'माझ्याकडे ३२,७६७ च्या वरचा आकडा येता कामा नये' ही त्या भागाची अट जोडावर कुठे लिहिलेलीच नव्हती.

[दृश्य: पिंपळगाव बसवंत. कांद्याचा ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढतो.]

आणि नुसतं माप जुळून भागत नाही, क्रमही जुळावा लागतो. समजा, काट्याचा प्रोग्रॅम वजन पाठवतो आणि पावतीचा प्रोग्रॅम आधी भरलेलं, मग रिकामं वजन घेतो. ट्रॅक्टर आधी रिकामाच चढला तर? दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी बरोबर, पावती मात्र चुकीची.

२००१ मध्ये लुका दे अल्फारो आणि थॉमस हेन्झिंगर यांनी 'इंटरफेस ऑटोमाटा' मांडले, ते नेमके यासाठी. इंटरफेस म्हणजे भागाची बाहेरच्यांशी जोडली जाणारी बाजू; ऑटोमाटा म्हणजे तो कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जातो याचा आराखडा. प्रत्येक भागाने कोणता संदेश कधी घेणार, कधी देणार, एवढंच लिहायचं. मग दोन भागांचा गुणाकार करायचा, म्हणजे दोघांच्या अवस्थांच्या जोड्या लावायच्या. एकाने पाठवलं आणि दुसरा घ्यायला तयार नाही, अशा अवस्था शोधायच्या. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट पुढची वाटते: अशी अवस्था सापडली म्हणून जोड लगेच नापास होत नाही. बाहेरचं जग कसं वागलं तर ती टळेल, हे गणितानेच काढता येतं. 'ट्रॅक्टर आधी भरलेला चढवा' ही अट जोडलेल्या भागाच्या इंटरफेसमध्ये येऊन बसते. कसंही वागून ती टळतच नसेल, तरच जोड नापास.

भाग बदलायचा असेल तर? नव्याने जुन्याइतकं तरी घेतलंच पाहिजे आणि जुना देत नव्हता असं काही देता कामा नये. उद्या नवा काटा 'वजन स्थिर नाही' असंही कळवू लागला, तर तो संदेश पावतीच्या प्रोग्रॅमला ठाऊकच नाही. तो काटा कितीही अचूक असो, या जागी चालणार नाही.