साखर आत शिरते ती मिठाचा हात धरून

व्याख्यान सुरू व्हायच्या आधी पुढच्या रांगेतल्या एका ताईंनी मला विचारलं, "लेकराला जुलाब लागले की तुम्ही साखर-मिठाचं पाणी द्या म्हणता. पण साखरेनं पोट आणखी बिघडत नाही का?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र भाकरीच्या घासापासून निघावं लागेल.

भाकरीत मुख्यतः पिष्ट असतं. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ, कुठे सरळ, कुठे फांद्या फुटलेली. कालवणाशिवाय नुसता घास बराच वेळ चावत राहा, गोडसर लागू लागेल. लाळेतल्या अमायलेज या विकरानं, म्हणजे पाचक एन्झाइमनं, माळ तोडायला घेतलेली असते. जठरातल्या आम्लात हे काम थंडावतं. मग लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो. त्यातही अमायलेजच असतं, आणि मोठी तोडफोड होते ती इथे. तरीही सुटे मणी फारसे हाती लागत नाहीत. दोन-दोन, तीन-तीन मण्यांचे तुकडे आणि फांद्यांचे सांधे उरतात.

शेवटचा घाव बसतो तो आतड्याच्या भिंतीवर. इतकी वर्षं शिकवतोय, पण या जागेचं नवल अजून ओसरलेलं नाही. भिंत मखमलीसारखी असते, तिच्यावर रसांकुर म्हणजे बोटांसारखे इवले उंचवटे, रसांकुरांवर पेशी आणि पेशींवर आणखी बारीक लव. माल्टेज, सुक्रेज, लॅक्टेज ही विकरं त्या लवेवरच बसलेली असतात. म्हणजे मणी सुटा होतो तो थेट दारात. जुलाबानं ही लव खरवडली गेली की दुधातली साखर तोडणाऱ्या लॅक्टेजला सगळ्यात आधी फटका बसतो, म्हणून काही मुलांना थोडे दिवस वरचं दूध सोसत नाही. आईचं दूध मात्र चालूच ठेवायचं.

आता ते दार. ग्लुकोजचा एक कण मिठातल्या सोडियमचे दोन कण सोबत घेऊनच आत जातो. पेशी मागच्या बाजूनं सोडियम सतत बाहेर उपसत असते, त्यामुळे आत त्याची कमतरता असते. सोडियम त्या ओढीनं आत येतं आणि ग्लुकोजलाही घेऊन येतं. दोघांच्या मागोमाग पाणी. साखर आणि मिठाची ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्रागमध्ये मांडली.

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, आतडं मीठ-पाणी बाहेर ओतत असतं, पण हे दार शाबूत राहतं. सारं मर्म एवढ्यातच आहे. नुसतं पाणी पाजलं तर पुरेसं शोषलं जात नाही, साखर-मिठासोबत दिलं तर जातं. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांची पश्चिम बंगालमधल्या बनगावात गर्दी झाली, पटकी पसरली आणि सलाइनचा साठा आटत चालला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करवून घेतलं. पाजायला रुग्णांचे नातेवाईकच होते. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 3.6 टक्क्यांवर आलं.

तर ताई, तुमची शंका खरी आहे. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून बाटलीतली गोड पेयं द्यायची नाहीत. आपल्या ओआरएसच्या, म्हणजे जलसंजीवनीच्या पुडीत लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घरची साखर वजनानं साधारण दुप्पट लागते, कारण तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज. तो वेगळ्या दारानं आत जातो, त्याला मिठाची सोबत लागत नाही.

आणि तांदळाची पेज! मीठ घातलेली पातळ पेज आपल्या आज्या उगाच देत नव्हत्या. अखंड माळ सुट्या साखरेइतकं पाणी ओढत नाही. मणी सुटतो तोच दारात, आणि मीठ तिथे हजर असतं.

बाळ ओकलं तर घाबरून पाजणं सोडू नका. दहा मिनिटं थांबा, आणि मग चमच्या-चमच्यानं, पहिल्यापेक्षा सावकाश, पुन्हा सुरू करा.