नळीकडे नाही, तबकडीकडे बघा

आपल्या महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की रायफल आठवते, आणि ते साहजिकच आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे, ही आपली माणसं. त्यांच्याकडे बघून आपण एक गोष्ट मनात पक्की केली आहे: नेम धरायचा तर अंग स्थिर हवं, श्वास रोखलेला हवा. आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्या स्कीटमध्ये, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या बंदुकीने फोडायच्या खेळात, बंदूक स्थिर झाली की तबकडी हुकलीच म्हणून समजा.

मैदानाची रचना आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. अर्धवर्तुळासारखी एक कमान आहे. तिच्या डाव्या टोकाला उंच घर, उजव्या टोकाला बुटकं घर; दोन्हींत तबकड्या फेकणारं यंत्र. उंच घरातून तबकडी जमिनीपासून सुमारे ३ मीटरवरून बाहेर पडते, बुटक्या घरातून जेमतेम १ मीटरवरून. कमानीवर उभं राहायच्या सात जागा आहेत, पहिली उंच घराजवळ आणि सातवी बुटक्या घराजवळ, आणि आठवी जागा दोन्ही घरांच्या बरोबर मध्ये. दोन्हीकडच्या तबकड्यांचे मार्ग एका ठिकाणी एकमेकांना छेदतात आणि कमानीवरची प्रत्येक जागा त्या छेदबिंदूपासून १९.२ मीटरवर असते. तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर, वजन सुमारे १०५ ग्रॅम. म्हणायला ती मातीची, पण हल्ली ती डांबरासारखं द्रव्य आणि चुनखडीची भुकटी मिसळून करतात. एका फेरीत २५ तबकड्या असतात, काही एकेकट्या, काही दोन्ही घरांतून एकदम सुटणाऱ्या. प्रत्येक तबकडीला एकच काडतूस. पंचांना तुकडा उडालेला दिसला तरच गुण मिळतो. नुसती धूळ उडाली तर नाही.

ट्रॅप या दुसऱ्या प्रकारात तबकडी कोणत्या कोनात जाणार हे नेमबाजाला माहीत नसतं. स्कीटमध्ये मार्ग ठरलेला असतो. आज ती जिथून जाते तिथूनच उद्याही जाणार, वाऱ्याने थोडं इकडेतिकडे केलं तर तेवढंच. म्हणूनच नवख्या माणसाला मी आधी स्कीट शिकायला सांगतो. बदलणाऱ्या गोष्टी थोड्या असल्या की आपली चूक नेमकी कुठे होते ते लवकर सापडतं.

हा खेळ जन्माला आला तो शिकाऱ्यांच्या सरावातून. १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस नावाच्या शिकाऱ्याने पक्ष्यांच्या शिकारीचा सराव म्हणून पूर्ण वर्तुळावर उभं राहून तबकड्या फोडायला सुरुवात केली. पुढे शेजारच्या जमिनीवर कोंबड्यांचा व्यवसाय सुरू झाला, त्या बाजूला गोळीबार करणं शक्य राहिलं नाही. मग वर्तुळ अर्धं केलं आणि समोर दुसरं यंत्र बसवलं. १९६८ मध्ये स्कीट ऑलिंपिकमध्ये आलं. १९९२ ला बार्सिलोनामध्ये स्त्री-पुरुष एकत्र खेळत होते. तिथे चीनच्या झँग शानने अंतिम फेरीआधीच्या २०० पैकी २०० तबकड्या फोडल्या आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. त्यानंतरच्या ऑलिंपिकमध्ये, १९९६ ला अटलांटात, स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं गेलं. आपलं विजेतेपद राखायला तिला मैदानात उतरताच आलं नाही. हा अन्यायच होता, असं मला आजही वाटतं. स्त्रियांचं स्कीट ऑलिंपिकमध्ये यायला २००० साल उजाडलं.

आता मुख्य मुद्दा. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) काडतुसात एक गोळी नसते, २४ ग्रॅम छर्रे असतात, बारीक असले तर पाचशेच्या आसपास. नळीतून निघताना त्यांचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या घरात असतो आणि वीस मीटरवर ते साधारण पाऊण मीटर रुंदीत पसरतात. तरी तिथवर पोचायला त्यांना पाच-सहा शतांश सेकंद लागतात. तेवढ्यात चौथ्या जागेसमोरून आडवी जाणारी तबकडी मीटरभर, किंबहुना थोडी जास्तच, पुढे गेलेली असते. म्हणजे तबकडीवर नेम धरलात तर छर्रे तिच्या मागून जाणार. नळी तबकडीच्या पुढे हवी, आणि चाप ओढतानाही ती फिरती हवी.

इथेच बहुतेकांचं बिनसतं. चाप ओढायच्या क्षणी मनात शंका येते, ‘नळी बरोबर आहे ना?’ नजर तबकडीवरून नळीच्या टोकावर येते. नजर आली की हात थांबतात. हात थांबले की छर्रे मागे. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक उंच झेल घेताना चेंडूकडेच बघत असतो, आपले हात कुठे पोचले हे तपासत बसत नाही. इथेही तसंच. नजर तबकडीच्या पुढच्या कडेवर, आणि दोन्ही डोळे उघडे.

त्याआधी आपला कोणता डोळा प्रबळ आहे ते बघून घ्या. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून लांबची एखादी वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू फटीतच दिसत राहते तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या खांद्याने बंदूक चालवणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा.

ऑलिंपिक स्कीटमध्ये तबकडी मागताना बंदूक खांद्याला नसते. दस्ता, म्हणजे बंदुकीचा मागचा, खांद्याला लावायचा भाग, कमरेच्या पातळीला अंगाला टेकलेला असतो. तुम्ही आवाज दिल्यावर तबकडी लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही सुटेल. दिसली की बंदूक वर. दस्ता गालाला येऊन भिडला पाहिजे. मान वाकवून गाल दस्त्याकडे नेलात तर डोळ्याची रेषा दर वेळी वेगळी पडते. ही एवढीच हालचाल रिकाम्या बंदुकीने, रेंजवर, प्रशिक्षकासमोर पुन्हा पुन्हा करा. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा इलाज नाही. वयाची मात्र चिंता करू नका. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कुवेतच्या अब्दुल्ला अलरशिदी यांनी साठाव्या वर्षी अंतिम फेरीत ६० पैकी ६० तबकड्या फोडल्या. आपल्या अनंतजीत सिंग नरुकाने ५८ फोडून रौप्य मिळवलं. पुढच्या वर्षी पॅरिसला महेश्वरी चौहान आणि अनंतजीत यांचं मिश्र सांघिक कांस्यपदक ४३-४४ अशा एका तबकडीने गेलं.

सुरक्षेबाबत सवलत नाही. आपल्या जागेवर उभे असल्याशिवाय काडतूस भरायचं नाही. एरवी दुनळी उघडी, म्हणजे आत काही नाही हे लांबूनही दिसतं. कानाला आणि डोळ्याला संरक्षण हवंच. बंदुकीला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे आधी मान्यताप्राप्त रेंजवर जाऊन चौकशी करा. खरेदीचं नंतर बघू.

सुरुवात सातव्या जागेवरून करा, बुटक्या घरातल्या तबकडीने. ती तुमच्या शेजारून निघून जवळजवळ सरळ लांब जाते, पुढे नेम धरावा लागत नाही. मग पहिल्या जागेवर या, उंच घराची तबकडी घ्या. ती डोक्यावरून जाते, म्हणून नळी किंचित खाली हवी. या दोन्ही दहापैकी आठ-नऊ वेळा फुटायला लागल्या की चौथ्या जागेवर जा. जोडीच्या तबकड्या त्यानंतर.