संजीवनी हुतुतू आणि दिवाळी अंक

मंडळी, लहानपणी हुतुतू खेळलेले किती जण आहेत इथे? बरेच हात दिसताहेत. मग माझं काम सोपं झालं.

जुन्या हुतुतूचे तीन प्रकार होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत आपला गडी बाद झाला तरी समोरचा एक मारला की आपला एक उठून आत यायचा. ‘जिवंत झाला रे’ अशी आरोळी उठायची. गामिनीत तसं नव्हतं. बाद झालेला गडी रेषेबाहेर बसला की सगळा संघ बाद होईपर्यंत बसूनच राहायचा. अमरमध्ये तर कुणी मैदान सोडतच नसे, समोरच्याला गुण मिळायचा आणि खेळ चालू राहायचा. आज दूरदर्शनवर आपण जी कबड्डी बघतो, तिने संजीवनीचा नियम उचलला.

आजचा विषय दिवाळी अंकांच्या स्पर्धांचा आहे, आणि मी हुतुतूने सुरुवात केली, कारण गेली तीन वर्षं आमच्या वाचनालयात आम्ही अंकांचे सामने लावतो आहोत. आपल्याकडे अंकांच्या स्पर्धा पुष्कळ होतात, पण त्या सगळ्या गामिनी पद्धतीच्या आहेत, एकदा बाद झालेला अंक बाहेरच बसून राहतो, असं माझं मत झालं आहे. का, ते सांगतो.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ मासिक सुरू केलं. मूळचे हे आजगावकर, पण बंगाली साहित्यावरच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतलं. त्यांनी १९०९ च्या दिवाळीत खास अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचं ताट मांडलं गेलं. आता दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात. त्यांच्यासाठी बक्षिसं असतात, ढाली असतात, समारंभ असतात. मीही एका तालुक्याच्या गावातून अकरा वर्षं दिवाळी अंक काढला. दरवर्षी दोन प्रती बांधून एका स्पर्धेला पाठवायचो. सातव्या वर्षी उत्तेजनार्थ प्रमाणपत्र आलं. मी ते उलटून पाहिलं, पाकीट पुन्हा झटकून पाहिलं. कुठल्या कथेने, कुठल्या लेखाने, निदान कुठल्या मुखपृष्ठाने परीक्षकांना उत्तेजन द्यावंसं वाटलं, याची एक ओळही त्यात नव्हती. त्या वर्षी पहिला आलेला अंक मी विकत घेऊन वाचला. चांगला होता. पण त्याच्या संपादकाने माझा अंक पाहिलाही नसणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. आम्ही दोघंही परीक्षकांकडे तोंड करून उभे होतो. एकमेकांकडे बघायचं कारणच आम्हाला कुणी दिलं नव्हतं.

सामन्यात तसं होत नाही. सामन्यात समोरच्याकडे बघावंच लागतं.

न्यूयॉर्कच्या मासिकांची एक रीत मला फार आवडते. उन्हाळ्यात तिथल्या मासिकांचे संघ सेंट्रल पार्कमध्ये सॉफ्टबॉल खेळतात. ‘द पॅरिस रिव्ह्यू’, ‘हार्पर्स’, ‘द न्यू यॉर्कर’, ‘एन प्लस वन’ अशी मातब्बर नावं. वर्षभर ज्यांच्या कविता नाकारल्या, ज्यांच्या लेखाला टोकदार उत्तर छापलं, ते समोर बॅट घेऊन उभे. संपादक, मुद्रितं तपासणारी माणसं, उमेदवारी करणारी मुलं, सगळी एकाच संघात. हा खेळही मुळात गंमतीतून जन्मलेला. १८८७ साली शिकागोत काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने तो टोलवला, तिथून सॉफ्टबॉल सुरू झाला. कार्यालयातल्या माणसांनी संध्याकाळी खेळावा असाच हा खेळ.

‘पॅरिस रिव्ह्यू’चे पहिले संपादक जॉर्ज प्लिम्प्टन. १९५३ पासून २००३ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, त्यांनी ते त्रैमासिक सांभाळलं. हा माणूस १९५९ साली आर्ची मूर या जगज्जेत्या मुष्टियोद्ध्यासमोर तीन फेऱ्या उभा राहिला आणि नाक फोडून घेऊन परत आला. पुढे व्यावसायिक फुटबॉल संघाच्या सरावात उतरला, आणि या सगळ्यावर त्याने लिहिलं. आपल्यापेक्षा सरस माणसासमोर उभं राहून मार खाल्ला तर त्याचं सरसपण आतून कळतं, हे त्याच्या लेखनात ओळीओळीत जाणवतं. संपादकाला याहून मोठं शिक्षण कोणतं?

मात्र तिथे एक उणीव राहते. मैदानावर माणसं भेटतात, पण अंक कार्यालयातच राहतात. पानांची पानांशी गाठ पडत नाही. ती गाठ घालणारी दुसरी गोष्टही अमेरिकेतलीच. ‘द मॉर्निंग न्यूज’ नावाचं एक ऑनलाइन नियतकालिक २००५ पासून मार्च महिन्यात कादंबऱ्यांची स्पर्धा घेतं, तिथल्या कॉलेजच्या बास्केटबॉल स्पर्धेसारखी, हरला तो बाद. समोरासमोर दोन पुस्तकं आणि एक परीक्षक. त्या परीक्षकाने दोन्ही वाचायची, एक निवडायचं, आणि का निवडलं ते आपल्या नावानिशी सगळ्यांसमोर लिहायचं. बक्षीस कशाचं, तर कोंबड्याचं! आणि शेवटाकडे एक फेरी अशी असते की आधीच हरलेली दोन पुस्तकं वाचकांच्या मतांवर पुन्हा मैदानात येतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरात एकटाच मोठ्याने म्हणालो, “अरे, ही तर संजीवनी!”

तिथून आमचे सामने सुरू झाले. तुळशीचं लग्न झालं की पहिला रविवार धरतो. आठ अंक घेतो. सगळ्यात अवघड काम जोड लावण्याचं. जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. फडात म्हातारे पैलवान दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, मांड्या बघतात, मगच हातात हात देतात. विजोड कुस्ती लावली तर लोक ओरडतात. अंकांचंही तेच. पान-पानभर जाहिराती असलेल्या गलेलठ्ठ अंकासमोर दोन शिक्षकांनी पगारातून काढलेला ऐंशी पानी अंक उभा करायचा नाही. पहिल्या वर्षी आम्ही चिठ्ठ्या टाकून जोड्या काढल्या आणि नेमकी हीच चूक केली. एका लहान अंकावर अन्याय झाला, आणि ती बोच मला अजून आहे. आता आम्ही तिघं आधी सगळे अंक चाळतो आणि जोड लावायला दोन संध्याकाळी घालवतो.

निवाडा एकट्या वाचकाचा. समिती नाही, गुणांचा तक्ता नाही. गेल्या वर्षी एक कुस्ती निवृत्त एसटी कंडक्टरांनी सोडवली, एक ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेने, एक बारावीतल्या मुलीने. अट एकच : दोन्ही अंक राशिभविष्यासकट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि दहा मिनिटं उभं राहून कारण सांगायचं. कंडक्टरकाका म्हणाले, “या अंकात सहा कथा आहेत, सहाही शहरातल्या. त्या अंकात चारच आहेत, पण एकीतला माणूस रात्रीच्या मुक्कामी गाडीत झोपतो आणि पहाटे टपावरचं दव पुसतो. ते मी तीस वर्षं केलंय. ज्याने लिहिलंय त्याने ते पाहिलंय.” त्या लेखकाला अशी पावती कुठल्या समारंभात मिळाली असती?

काही जण विचारतात, साहित्यात हार-जीत कशाला? मला हार-जीत महत्त्वाची वाटत नाही, जोडीने वाचणं महत्त्वाचं वाटतं. एकेकटा वाचला तर अंक ‘छान’ वाटतो आणि बाजूला पडतो. दोन शेजारी ठेवले की एकाच्या ललित लेखातला पसारा दुसऱ्यामुळे दिसतो, एकाच्या कवितांची निवड दुसऱ्यामुळे उजळते. मराठीत मासिकांची झुंज नवी नाही. १९६९ साली राजा ढाले यांनी मित्रांसह ‘सत्यकथा’ जाळली. त्या होळीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण जाळणाऱ्यांनी ते मासिक ओळ न् ओळ वाचलेलं होतं, ढाले यांनी त्याच्यावर कसून टीका लिहिली होती, हे बोलायचं राहून जातं. आपल्या अंकाला इतका बारकाईने वाचणारा विरोधक मिळावा, असं मला संपादक असताना नेहमी वाटायचं.

हरलेल्या चार अंकांतून वाचक एक परत आणतात. बाहेरच्या फळ्यावर नावं लिहितो, सभासद पुस्तक बदलायला आले की खडूने रेघ मारतात. गेल्या वर्षी ज्या अंकाला सगळ्यात जास्त रेघा पडल्या, त्याचे संपादक दोन एसट्या बदलून पुढच्या रविवारी आले. अंतिम सामन्यात तो अंक पुन्हा हरला. कारण सांगणारी परिचारिका म्हणाली की परिसंवादातले सहाही जण एकच बोलतात, सातवा वेगळं बोलणारा हवा होता. संपादकांनी वही काढून ते लिहून घेतलं. जिंकलेल्या अंकाला मानाचा नारळ दिला. त्या अंकाच्या संपादक बाई नारळ घेऊन थेट हरलेल्या संपादकांजवळ आल्या आणि म्हणाल्या, “तुमचा अंक द्या ना, मी वाचलेला नाही.” मग दोघं मागच्या बाकावर बसले. आम्ही सतरंज्या गोळा केल्या, दिवे मालवायची वेळ झाली, तरी ते बसलेलेच.

यंदाचे आठ अंक ठरले आहेत. तीन जोड्या लागल्या, चौथीवर आमच्यात अजून वाद चालू आहे. निवाड्यासाठी दोन वाचक कमी पडताहेत. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे, जाताना नाव लिहून जा. आधी कधी दिवाळी अंक पूर्ण वाचला नसेल तरी चालेल.